शिकायचं राहिलं होतं, ते आता शिकू या

गंजाड, आशागड, रायतळी, कासा, तलासरी, जिथं जिथं आमचा आवाज पोहोचतो आहे, तिथल्या सगळ्या बचत गटांच्या ताईंना, मावशींना आणि सासूबाईंनासुद्धा आमचा नमस्कार. सासूबाईंचं नाव मुद्दाम घेतलं. आजचा विषय त्यांनी ऐकला, तर सुनेचं अर्धं काम होईल.

विषय आहे मोठ्या वयात पुन्हा कॉलेजात जाण्याचा. लग्न झालं, पोरं झाली, पंधरा-वीस वर्षं वही हातात घेतली नाही, आणि मग एक दिवस वाटतं की आपलं शिकायचं राहून गेलं. हे वाटणं पुष्कळ जणींच्या मनात असतं. बैठकीत कुणी बोलत नाही. सह्या करताना मात्र कळतं. रजिस्टर पुढं आलं की कुणी म्हणते, माझा चष्मा घरी राहिला, कुणी म्हणते, तूच लिही गं. आम्ही गटांचं काम बघतो, त्यामुळे ही वाक्यं आम्हाला पाठ झाली आहेत.

आधी हे विचारू की शिकून करायचं काय. भाताची आवणी काही पदवीने होत नाही, आणि चिकूच्या वाडीत मजुरीला जाताना कुणी मार्कशीट मागत नाही. बरोबर आहे. पण आजूबाजूला बघा. अंगणवाडी सेविका व्हायचं तर आता बारावी पास लागते. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपले डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसाखाली येतात, म्हणजे ग्रामसभेच्या ठरावाला इथं वजन आहे. तो ठराव लिहितो कोण? वाचून दाखवतो कोण? वनहक्काच्या दाव्यात नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, असा २००६ चा कायदा सांगतो. त्या कागदावर आपलं नाव आहे की नाही, आणि असलं तर नीट लिहिलं आहे की नाही, हे स्वतः वाचून बघणारी बाई घरात हवी की नको?

आपल्या भागात न वाचलेल्या कागदांनी फार माणसं बुडवली. लग्नासाठी थोडे पैसे घेतले आणि त्यापायी नवरा-बायको वर्षानुवर्षं सावकाराकडे राबली. त्यांना लग्नगडी म्हणत. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पाहिलं आहे. १९४५ साली तलासरीकडच्या झरी गावात वारली माणसं जमली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि फुकट राबणार नाही असं लोकांनी ठरवलं. त्या लढ्यात बायका होत्या. अंगठ्याच्या जागी सही यावी ही इच्छा तेव्हापासूनची आहे. ती आपण अर्ध्यावर सोडायची का?

आता तुम्ही म्हणाल, वय झालं. तर आपल्याच तालुक्यातली गोष्ट ऐका.

कोसबाडची टेकडी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिथं अनुताई वाघ राहिल्या. त्यांचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. त्या काळात बालविधवा म्हणजे घराचा कोपरा. पण अनुताई शिकल्या. मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात शिकवलं, मग पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत नोकरी केली. दिवसा शिकवायचं आणि रात्रीच्या शाळेत शिकायचं, असं करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई त्यांच्याबरोबर आल्या. पुढे ते काम कोसबाडला गेलं. वारली पोरांसाठी पाड्यावर, अंगणात बालवाडी भरवायची, तिचं नाव अंगणवाडी. आज देशभर जो शब्द वापरतात, तो आपल्या या पट्टीतल्या कामातून आलेला आहे. मोठी पोरं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. मग बाईंनी शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पोर शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेनं पोराकडे जावं, हा ताराबाईंचा विचार होता.

एवढं सगळं काम अंगावर असताना अनुताईंनी काय केलं? पुन्हा अभ्यासाला बसल्या. १९६१ साली एसएनडीटी विद्यापीठातून त्या बी.ए. झाल्या. वय एक्कावन्न. १९८५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण आम्हाला पद्मश्रीपेक्षा ते एक्कावन्नावं वर्ष जास्त मोठं वाटतं. कोसबाडच्या टेकडीवर कामाचा डोंगर होता, पगारासाठी पदवी लागत होती असंही नाही, तरीही त्यांना वाटलं की राहिलेलं पुरं करावं.

हे एकट्या अनुताईंच्या जिद्दीने झालं असं समजू नका. पुण्यात रात्रीची शाळा चालवणारं कुणी तरी होतं. ताराबाई स्वतः १९१४ सालच्या बी.ए., त्यांच्यासारखी शिकलेली, मोठ्या मनाची बाई शेजारी होती. आणि महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं बायकांचं विद्यापीठ होतं, जिथं आपल्या भाषेत शिकता येत होतं. शिकणारीची जिद्द लागते, पण दार उघडं ठेवणारं माणूसही लागतं. आजच्या भाषणात आम्हाला या दार उघडं ठेवणाऱ्या माणसांबद्दल जास्त सांगायचं आहे.

आमच्या भागातल्या गटांमधून आम्ही सात जणी बी.ए.ला बसलो होतो. कुणी बारावी होऊन लग्न झालेली, कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केलेली. सगळ्या तिशीतल्या, एक तर चाळिशीला टेकलेली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात आम्ही नाव घातलं. हे विद्यापीठ नाशिकला १९८९ साली सुरू झालं. त्याचं ब्रीद आहे, ज्ञानगंगा घरोघरी. रोज कॉलेजात जावं लागत नाही. पुस्तकं मिळतात, ती घरी वाचायची, आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर तासाला जायचं. बहुतेक तास रविवारी. आम्हाला वाटलं, ही तर मोठ्या बायकांची कुरणशाळा.

पहिला अनुभव मात्र चांगला आला नाही. चौकशीला जिथं गेलो, तिथं खिडकीतल्या माणसानं फॉर्म द्यायच्या आधीच विचारलं, या वयात कशाला, मुलांना शिकवा की. आम्ही फॉर्म न घेता परत फिरलो. एसटीत कुणीच बोललं नाही. अशा एका वाक्याने किती बायका परत फिरत असतील, याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरात नसतो. दुसऱ्या केंद्रावर गेलो, तिथं एका मॅडमनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि विचारलं, तुम्हाला घरून निघायला किती वाजता जमतं? वय विचारलं नाही, निघायची वेळ विचारली. आम्ही तिथंच नाव घातलं.

या तीन वर्षांत आम्हाला जे सर आणि मॅडम मिळाले, त्यांनी काय काय केलं ते सांगतो. त्यांची नावं सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण काम सांगणं गरजेचं आहे, कारण चांगला शिक्षक ओळखायचा कसा, हे आपल्याला कळलं पाहिजे.

पहिली गोष्ट वेळेची. गंजाडहून सकाळची गाडी चुकली की आम्ही तासभर उशिरा पोहोचायचो. सरांनी पहिला तास सोपा ठेवला आणि अवघड भाग दुसऱ्या तासाला घेतला. जुलैत आवणीच्या दिवसांत आम्ही दोन रविवार आलो नाही. त्यांनी रागावून विचारलं नाही. पुढच्या वेळी म्हणाले, आवणी झाली का, आता बसा, राहिलेलं घेऊ. एकीचं पोर लहान होतं, ती त्याला घेऊन यायची. मॅडमनी वर्गाच्या मागे चटई टाकायला सांगितली. पोर झोपायचं, आई लिहायची.

दुसरी गोष्ट, आम्हाला जे येत होतं त्यापासून त्यांनी सुरुवात केली. अर्थशास्त्राच्या मॅडमनी पुस्तक बाजूला ठेवून आमचं गटाचं रजिस्टर मागितलं. आम्ही महिन्याला शेकडा दोन रुपये व्याजाने अंतर्गत कर्ज देतो, म्हणजे वर्षाला किती झालं? चोवीस. आणि गावात कुणी महिन्याला शेकडा दहाने देत असेल तर? एकशे वीस. व्याज, भांडवल, बचत, परतफेड हे शब्द आम्ही दर आठवड्याला वापरत होतो. त्यांना अर्थशास्त्र म्हणतात हे तेव्हा कळलं. त्या दिवसानंतर तो विषय कुणाला जड गेला नाही.

समाजशास्त्राच्या सरांनी आदिवासी समाजाचा धडा आला तेव्हा खडू आमच्या हातात दिला. म्हणाले, हे पुस्तकात चार पानांत आहे, तुमच्या घरी ते चारशे पानांचं असेल. आमच्यातल्या एकीची आजी धवलेरी. लग्नात देवचौकापुढे ती गाणी म्हणते. त्या बहिणीने वर्गात उभं राहून सांगितलं की चौक कोण लिहितं, त्यात पालघट देवी कुठं असते, धवलेरीची गाणी आजीने कुणाकडून घेतली. आपल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींना कधी कुणी विद्वान म्हटलं नव्हतं. सरांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. वर्गात बोलायला घाबरणारी ती बहीण त्यानंतर प्रश्न विचारायला लागली.

तिसरी गोष्ट इंग्रजीची. खरी भीती त्याचीच. सरांनी आमची बँकेची पासबुकं मागवली. डिपॉझिट, विथड्रॉवल, बॅलन्स, इंटरेस्ट. हे शब्द डोळ्यांखालून रोज जात होते. तिथून सुरू करून ते अर्ज लिहिण्यापर्यंत आले. दर रविवारी एक अर्ज. पहिल्यांदा वही लाल शाईने भरलेली असायची. पण शेवटी ते एक वाक्य लिहायचे की या वेळी काय बरोबर आलं आहे. मोठ्या माणसाला चुका दाखवल्या की लाज वाटते, म्हणून बरोबर काय ते आधी सांगायचं, हे त्या सरांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

सात जणींपैकी पाच जणी पदवीधर झालो. एक दिवाळीनंतर घरच्यांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली आणि परीक्षेला येऊ शकली नाही. एकीचा इंग्रजीचा पेपर राहिला आहे. सरांचा तिला अजून फोन जातो. ती पुढच्या परीक्षेला बसणार आहे, आणि ती हे भाषण ऐकत असेल तर आम्ही तिला इथूनच सांगतो, आम्ही तुझ्याबरोबर येतो.

आता पैशाचं बोलू. प्रवेशाच्या वेळी आमच्यातल्या तिघींकडे फी नव्हती. गटाकडे अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. बैठकीत मोठा वाद झाला. गटाचं कर्ज बी-बियाण्याला देतो, आजारपणाला देतो, शेळी घ्यायला देतो. शेळी विकून पैसे परत येतात. पदवी विकता येते का? असं काही जणी म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते पैसे सगळ्यांच्या घामाचे आहेत. ज्या बाईने चिकू तोडून आठवड्याची बचत भरली, तिला विचारायचा हक्क आहे.

तेव्हा गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी बोलल्या. त्यांना स्वतःला वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, लग्नाला कर्ज देता ना? लग्नाचं जेवण दुसऱ्या दिवशी संपतं. तरी तेव्हा कुणी विचारत नाही. मग हिला का विचारता? पण मग त्यांनी एक अटही घातली. जी फीचं कर्ज घेईल, तिने दर बैठकीनंतर अर्धा तास थांबून ज्यांना वाचता येत नाही त्यांना रजिस्टर वाचायला शिकवायचं. गटाने ठराव केला. आजारपणाच्या कर्जाला जे व्याज, तेच फीला. दहा हप्त्यांत परतफेड. आणि मावशींची अट.

ते कर्ज पूर्ण फिटलं आहे. मावशींना आता स्वतःच्या नावापुढची रक्कम वाचता येते. आणि हो, एकदा त्यांनी हिशोबातले पन्नास रुपये कमी लिहिलेले पकडले.

आता ज्यांच्या मनात शिकायचं आहे, त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

पहिली, कुठून सुरू करायचं. शाळा लहानपणीच सुटली असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथं पाचवी आणि आठवीच्या परीक्षेलाही बसता येतं. दहावी किंवा बारावी राहिली असेल तर जवळच्या हायस्कुलात किंवा ज्युनियर कॉलेजात सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करा. बारावी झाली असेल तर मुक्त विद्यापीठ आहे. नियम आणि तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता केंद्रावर जाऊन विचारा, आणि दोघी मिळून जा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं.

दुसरी, कागद. शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधा. घरात नसेल तर शाळेतून दुसरी प्रत मिळते, त्याला वेळ लागतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं नाव, इथं बहुतेक जणी अडकतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, आणि नाव बदलाचं गॅझेट लागतं का ते विचारून घ्या. जातीचा दाखला असेल तर फीच्या सवलतीबद्दल नक्की विचारा.

तिसरी, वेळ. पहाटे उठून अभ्यास होईल असं ठरवू नका. पहाटे पाणी, चूल, डबे असतात. आमच्यापैकी बऱ्याच जणींचा अभ्यास दुपारी वाडीत जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री पोरं अभ्यासाला बसली की त्यांच्याबरोबर झाला. आई वही घेऊन बसली की पोरं आपोआप बसतात, हा आणखी एक फायदा. परीक्षा लग्नसराईत आली तर घरी आधीच सांगून ठेवा की या दिवशी हळदीला येणार नाही.

चौथी, घर. नवऱ्याला आणि सासूला निकाल लागल्यावर नाही, प्रवेश घ्यायच्या आधी सांगा. एकदा त्यांना केंद्रावर घेऊन जा. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई वर्ग बघायला आल्या, मॅडमशी बोलल्या, आणि त्यानंतर रविवारची भाकरी त्याच करायला लागल्या.

लाज वाटत असेल तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे बघा. आपल्या शेजारच्याच ठाणे जिल्ह्यात आहे. तिथले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन शाळेत गेल्या. पाटीवर आपलं नाव लिहायला शिकल्या. त्या शिकू शकतात तर तिशी-चाळिशीतल्या आपल्याला काय झालं?

शेवटी, ऐकणाऱ्यांमध्ये कुणी शिक्षक, प्राध्यापक, कॉलेजातले कारकून असतील, तर त्यांना हात जोडून एवढंच सांगायचं आहे. आमच्यासारखी बाई तुमच्या खिडकीशी येते तेव्हा तिने त्याआधी घरात बरीच भांडणं केलेली असतात, रोज बुडवलेला असतो. तिला फॉर्म द्या. उशीर झाला तर वर्गात येऊ द्या. तिला काय येतं ते आधी विचारा. यापेक्षा जास्त काही आम्हाला लागत नाही.

आणि गटांच्या ताईंनो, तुमच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर, कर्जाचे अर्ज घ्यायच्या आधी, एक प्रश्न नक्की विचारा: आपल्यात कुणाचं शिकायचं राहिलं आहे? हात वर होईपर्यंत थोडं थांबा. पहिला हात वर यायला वेळ लागतो. तो आला की नाव लिहून घ्या, आणि त्या बाईबरोबर केंद्रावर कोण जाणार, ते त्याच बैठकीत ठरवा.